मृगाच्या आधीचे पंधरा दिवस

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पेण किंवा रोह्याच्या कुठल्याही मोहल्ल्यात फिरून या, सगळीकडे एकच लगबग दिसेल. गच्चीवर वाळत घातलेले पापड आणि मिरच्या खाली उतरत असतात. बोंबील, जवळा, सोडे डब्यांत भरले जात असतात. लाकूडफाटा पडवीत रचला जातो, कौलं परतली जातात, पत्र्यावर प्लास्टिक चढतं. घरातल्या बायका या आठवड्यात दमून जातात, आणि हे सगळं आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. यातलं एक काम मात्र अलीकडे यादीतून गळत चाललं आहे, ते म्हणजे परसातलं.

आपल्या जुन्या घरांमागे परस होतं. विहीर, तिच्याभोवती चार माड, दहा-पंधरा पोफळी, सांडपाण्यावर वाढलेली केळ आणि अळू, कोपऱ्यात शेवगा, लिंबू, कुंपणाला मेंदी आणि दाराजवळ मोगरा. वाडी म्हणावी इतकं ते मोठं नव्हतं, पण पावसाळ्याचे चार महिने घरच्या भाजीला पुरेल एवढं होतं. मग मुंबईहून आणि आखातातून पैसा आला. अल्लाहच्या कृपेने घरं मोठी झाली. भाऊ वेगळे राहू लागले, मागच्या बाजूला खोल्या वाढल्या, आणि उरलेल्या जागेवर फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसले. चिखल नको, झाडायला सोपं, गाडी उभी करायला बरं. या कारणांत खोटं काहीच नाही. अंगणात घसरून दादीचं हाड मोडण्यापेक्षा फरशी बरी, असं सूनबाई म्हणाली तर तिला काय उत्तर देणार?

तरी एक साधा हिशेब मांडून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एका छपरावरून नऊ हजार लिटरपेक्षा जास्त पाणी खाली येतं. आपल्या रायगडात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून-जुलैत शंभर मिलिमीटरचा दिवस ही काही नवलाची गोष्ट नाही. मातीचं परस असताना या पाण्याचा बराच भाग तिथेच मुरायचा, विहिरीला मिळायचा. आता तो शेजाऱ्याच्या उंबऱ्याकडे धावतो. पावसाळ्यात मोहल्ल्यात होणारी निम्मी भांडणं या पाण्याची असतात. स्वतःलाही इजा नको आणि दुसऱ्यालाही इजा नको, ही पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मशिदीत ऐकतो. आपल्या पन्हाळीचं तोंड कुणाच्या भिंतीकडे आहे, हे बघायला ती पुरेशी आहे.

फरशी उखडून टाका असं आम्ही सांगणार नाही. पण भिंतीच्या कडेने दोन फूट रुंद पट्टा मातीचा ठेवला, किंवा नव्या घराच्या नकाशातच तो सोडला, तर त्यात काय काय होऊ शकतं, एवढंच या लेखात सांगायचं आहे. ज्यांच्याकडे अजून परस शिल्लक आहे त्यांच्यासाठी तर हे पंधरा दिवस वर्षातले सर्वांत महत्त्वाचे.

पाऊस आणि चाँद

आपलं हिजरी वर्ष चंद्राचं, त्यामुळे ते ऋतूंबरोबर चालत नाही, दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतं. २०१६ साली आपल्याकडे रमजानचा पहिला रोजा ७ जूनला आला, म्हणजे ऐन मृगाच्या तोंडावर. बकरी ईद २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जूनला आणि २०२५ मध्ये ७ जूनला होती. शेतीसाठी म्हणूनच आपल्या आजा-पणजांनी बिनदिक्कत शेजाऱ्यांची नक्षत्रं वापरली. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू जुलैच्या पहिल्या आठवड्यात. 'रोहिणीत पेरलेली काकडी' किंवा 'आर्द्रात लावलेलं अळू' हे शब्द आमच्या घरातल्या बुजुर्गांच्या तोंडी तितकेच असत जितके 'जुमा' आणि 'असर'.

पण नक्षत्रावर डोळे मिटून विसंबण्याचे दिवसही राहिले नाहीत. मुंबईला मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मेलाच आला, आजवरच्या नोंदीतला सर्वांत लवकर. कित्येक घरांत तेव्हा आंबे उतरायचे होते, लाकडं भिजली, वाफे खणलेलेच नव्हते. उलट काही वर्षी मृग कोरडा जातो आणि घाईने टाकलेलं बी चिमण्या आणि मुंग्या खातात. म्हणून आमचं सांगणं असं की तयारी २० मेपर्यंत पुरी करावी, मात्र बी टाकण्यासाठी दोन चांगल्या सरींची वाट पाहावी. वळवाच्या एका सरीने माती वरवर ओली होते, पण वीतभर खाली खणलं तर धूळच असते. हात घालून पाहिल्याशिवाय बी टाकू नये.

चंद्राच्या तारखांचा मात्र एक उपयोग आपल्या माणसांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, विशेषतः खाडीकाठच्या. मोठं उधाण अमावास्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. नवा चाँद दिसतो तोही अमावास्येनंतरच. त्यामुळे हिजरी महिन्याच्या १ ते ३ आणि १४ ते १६ या तारखांच्या आसपास खाडीला उधाण असतं. पाऊस केव्हा पडेल हे चाँद सांगत नाही, पण पडलेलं पाणी लवकर उतरेल की नाही हे सांगतो. उधाणाच्या दिवशी मुसळधार पाऊस झाला तर पाण्याला खाडीत जायला वाट नसते. धरमतरच्या खाडीकाठी राहणाऱ्याने रोपं लावण्यासाठी हे तीन-चार दिवस टाळलेले बरे.

खारेपाटातली बेटं

पेण तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग म्हणजे खारेपाट. वाशी, वढाव, शिर्की, दादर या बाजूची गावं पावसाळ्यात भाताच्या पाण्यात उभी असतात, बेटासारखी. चारी बाजूंना पाणी, मधे एक उंचवटा आणि त्यावर घरं. आणि याच गावांत एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. आमच्या नात्यातली एक मुलगी त्या बाजूला दिली आहे. ती म्हणते, "आमच्याकडे पाणी मागायची दुआ करायची की पाणी थांबायची, हे महिना बघून ठरवावं लागतं."

या गावांत परस करणं म्हणजे खारटाशी झुंज. उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं आणि उडून जातं, मीठ मागे राहतं. मे महिन्यात मातीवर पांढरा थर दिसतो तो हाच. पहिला पाऊस हे मीठ विरघळवतो, आणि इथेच कामाची खुबी आहे. ते विरघळलेलं पाणी परसात साचू दिलं तर मीठ तिथेच राहतं, वाहून जाऊ दिलं तर माती गोडी होते. मोठ्या शेतात हेच काम बांध आणि उघाडी करतात. भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं. घरच्या परसातही त्याची छोटी नक्कल करावी. मे महिन्यातच कडेने वीतभर खोल चर खणून त्याला उताराकडे तोंड द्यावं, मधली माती वर ओढून दीड-दोन फूट उंचीचा गादीवाफा करावा. पहिले दोन-तीन मोठे पाऊस नुसते वाहून जाऊ द्यावेत. त्यानंतर कुजलेलं शेणखत मिसळावं आणि मगच बी टाकावं. खारेपाटातली बी पेरायची वेळ गोड्या जमिनीपेक्षा आठ-दहा दिवस उशिराची असते ती यामुळे.

कोणती झाडं तग धरतात? नारळ आणि चिकू खारटपणा बऱ्यापैकी सोसतात. सुपारी सोसत नाही, ती रोह्याकडची. भाज्यांसाठी मात्र गादीवाफ्याला पर्याय नाही. जागा नसेल तर जुने डबे, गोण्या, फुटके ड्रम यांत बाहेरची गोडी माती भरून दुधी, दोडका मस्त होतो. तळाला भोकं पाडायला विसरू नका, नाही तर मूळ कुजतं.

पावसाचं पाणी साठवण्याबद्दल एक गोष्ट. मुरूडचा जंजिरा भर समुद्रात आहे. चारी बाजूंना खारं पाणी, आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव. सिद्दींचा तो किल्ला इतकी शतकं तगला त्याचं श्रेय आपण तटबंदीला आणि तोफांना देतो, पण आत पाणी नसतं तर तोफा काय कामाच्या होत्या? खारेपाटातल्या घरावर हजार-दोन हजार लिटरची एक टाकी पन्हाळीला जोडली तर पावसाच्या उघडिपीत परसाला ते पाणी मिळतं. पहिल्या दोन पावसांचं पाणी छप्पर धुऊन येतं, ते टाकीत घेऊ नये. टाकीच्या तोंडाला जाळी हवीच, नाही तर डास होतात.

रोह्याकडे चित्र वेगळं. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सुटणारं पाणी कुंडलिकेला मिळतं, त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती असते. माती तांबूस आणि गोडी. तिथलं दुखणं एकच, पाणी साचणं. नागोठण्याच्या लोकांना जुलै १९८९ चा अंबा नदीचा पूर आजही आठवतो. पुराचं माणसाच्या हातात नाही, पण घरामागच्या नाल्यात आपणच टाकलेला राडारोडा आपल्या हातात आहे.

मांडवाखालची भाजी

आता खऱ्या आवडीच्या विषयाकडे येऊ. पावसाळी परसाचा जीव मांडवात आहे. बांबू किंवा शेवग्याच्या फांद्या रोवून त्यावर काठ्या आणि जुनं मासळीचं जाळं टाकलं की मांडव तयार. जाळ्याला पैसे पडत नाहीत, कोळीवाड्यात फाटकी जाळी सहज मिळतात. मांडव पाऊस लागण्यापूर्वीच उभा करावा. वेल चढू लागल्यावर खांब रोवायला गेलं की मुळं दुखावतात.

मांडवाखाली आळी करून प्रत्येकात दोन-तीन बिया टाकाव्यात. काकडी, शिराळी, घोसाळी, पडवळ, दुधी, कारली. सगळं एका मांडवावर चढवण्याचा मोह होतो, तो आवरावा. दुधी आणि पडवळ पसरतात आणि बिचारी कारली मागे पडते. चार माणसांच्या घराला काकडीची चार आळी, शिराळीची दोन आणि कारल्याची दोन पुष्कळ होतात. मोकळ्या वाफ्यात भेंडी आणि चवळी. भेंडी दीड महिन्यात तोडायला येते, काकडीही तेवढ्यातच. शिराळीला थोडा जास्त वेळ लागतो. कडेला हळद आणि आलं लावून टाकावं, त्यांना फारसं बघावं लागत नाही. अळू सांडपाण्यावर होतं, पण साबण आणि फिनेलचं पाणी त्यात सोडू नये. भांड्यांचं पाणी चालतं.

पावसात सगळ्यांत त्रास गोगलगायींचा. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याजवळ टाकून ठेवावं, फजरच्या नमाजनंतर उचलून बघावं. खाली सगळी जमात सापडते. हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ मातीवर फेकू नये, खारेपाटातल्या बहिणींना तर हे सांगायलाच नको.

याच दिवसांत ज्या भाज्या कुणी लावत नाही त्या बाजारात येतात. ठाकूर आणि कातकरी बायका पहिल्या पावसाच्या आसपास पेण आणि रोह्याच्या बाजारात शेवळं घेऊन बसतात. शेवळं हे सुरणाच्या जातीतल्या एका रानझाडाचं फुलाचं कोंब. मोजके दिवस मिळतं. तपकिरी-जांभळट, काठीसारखं. आतला पिवळसर भाग काढून टाकावा लागतो आणि घशाला खाज येऊ नये म्हणून सोबत काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घालतात. म्हणूनच बाजारातली बाई शेवळांबरोबर काकडंही देते आणि आपण घाईत ती न घेता निघालो तर मागून हाक मारते, "काकडं नेली नाहीत, बाय!" आपल्याकडे शेवळं खिम्यात किंवा कोलंबीत घालतात. तोंडाला चव आणणारा हा पदार्थ आजच्या मुलींना येत नाही, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी आणि जुलैत करटोली. या बायका डोंगर चढून ती आणतात. दहा रुपयांसाठी त्यांच्याशी घासाघीस करणारी बाई मॉलमध्ये काही बोलत नाही.

शाळेतही हल्ली पोषण आहार योजनेखाली परसबाग करायला सांगितलं जातं. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि पेरणीची वेळ तीच. मुलांना हे काम आवडतं. घरी मातीत हात घातला तर ओरडा बसतो आणि शाळेत त्याच कामाला शाबासकी, असा गोंधळ मात्र त्यांच्या मनात होतो.

पडलेल्या पोफळींचं काय?

३ जून २०२० या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा होता. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, अलिबाग या भागांतल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. रोहा आणि पेणमध्येही पत्रे उडाले, माड पडले, पोफळी मधूनच मोडल्या. कित्येक गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती, त्यात टाळेबंदी. सरकारने फळबागांसाठी मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. पण हेक्टरच्या हिशेबात परसातली चार झाडं बसत नाहीत. दादीने लावलेल्या माडाची किंमत कुठल्या पंचनाम्यात लिहायची?

त्या वर्षी पडलेल्या झाडांच्या जागा अनेक घरांत अजून रिकाम्या आहेत. कारणं आम्ही ऐकली आहेत. उंच माडाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. पाडणारे मिळत नाहीत. मुलगा दुबईला, सून मुंबईला, मग कुणासाठी लावायचं? पुन्हा वादळ आलं तर घरावर पडेल. शेवटचं कारण खरं आहे आणि त्याचं उत्तर जागा निवडण्यात आहे. माड घराच्या भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब लावावा. दोन माडांत २५ फूट अंतर हवं. बुटकी जात तीन-चार वर्षांत फळ देते आणि नारळ काढायला चढणारा शोधावा लागत नाही. सुपारीला दोन झाडांत नऊ फूट पुरतात, मात्र पहिली दोन-तीन वर्षं तिला ऊन सोसत नाही, म्हणून मधे केळ लावतात. केळ सावली देते आणि घडही देते.

'कुणासाठी लावायचं' या प्रश्नाला मात्र आमच्याजवळ हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या हकिकतीशिवाय दुसरं उत्तर नाही. ते गुलाम होते. मालकाने सुटकेसाठी सोन्याबरोबर खजुराची तीनशे झाडं लावून देण्याची अट घातली. पैगंबर (स.) यांनी सहाबांना सांगितलं, आपल्या भावाला मदत करा. कुणी तीस रोपं दिली, कुणी वीस, ज्याला जमलं तेवढी. सगळ्यांनी मिळून खड्डे खणले आणि रोपं पैगंबर (स.) यांनी स्वतःच्या हातांनी लावली. त्या तीनशे झाडांची फळं त्यांच्यापैकी कुणाला मिळणार नव्हती, ती मालकाची होती. लावलेल्या झाडाचं माणसाने, पक्ष्याने, जनावराने काही खाल्लं तर तो लावणाऱ्याचा सदका होतो, ही हदीस तर बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मोहल्ल्यातल्या दहा घरांनी ठरवून एकमेकांच्या रिकाम्या जागी एकेक रोप लावलं, ज्याला खणता येत नाही त्याच्यासाठी पोरांनी खड्डा खणला, तर एका रविवारचं काम आहे. एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा मे महिन्यात खणून तापू द्यावा, निम्मा माती आणि शेणखताने भरावा आणि पाऊस सुरू झाल्यावर रोप लावावं. पाणी साचणाऱ्या जागी खड्ड्याऐवजी उंचवटा करून लावावं.

जी झाडं उभी आहेत त्यांच्याकडेही याच दिवसांत बघायचं असतं. सुपारीला पावसात कोळेरोग लागतो, कोवळी फळं कुजून खाली पडतात. त्यावर बोर्डो मिश्रण हाच जुना आणि खात्रीचा उपाय, पण ते पाऊस लागण्यापूर्वी फवारायचं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, म्हणजे घरगुती दहा लिटरला प्रत्येकी १०० ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत निम्म्या-निम्म्या पाण्यात विरघळवावं, मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळावं. लोखंडी खिळा बुडवून पाहावा, त्यावर तांबूस थर चढला तर आणखी थोडा चुना घालावा. दुसरी फवारणी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप बघून. माडाला गेंड्या भुंगा लागतो. नव्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले की तो आलाच समजा. भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढतात आणि कोंबाजवळच्या बेचक्यांत वाळू आणि कडुनिंबाची पेंड भरतात. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात, म्हणून पावसाआधी खड्डा उकरून त्या वेचाव्यात. कोंबड्या सोडल्या तर हे काम त्या आनंदाने करतात.

रोप, बी आणि सल्ला यांसाठी लांब जायला नको. रोह्याला किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आणि पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र. तिन्ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची. आपले लोक तिथे फार कमी जातात. एकदा जाऊन पाहावं, सातबारा कुणी विचारत नाही.

काळजी घेण्याच्या दोन-चार गोष्टी

पाऊस लागला की बिळांत पाणी शिरतं आणि साप कोरड्या जागेकडे येतात, म्हणजे आपल्या लाकडाच्या ढिगाकडे. लाकडं भिंतीला टेकवून न रचता जमिनीपासून फूटभर उंच फळीवर रचावीत. परसात जाताना बूट आणि रात्री बॅटरी हवीच. साप चावला तर दोरी आवळणं, चिरा देणं, तावीज किंवा मंत्रात वेळ घालवणं यातलं काहीही करू नये. चावलेला भाग हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठावं, विषावरचं औषध तिथे मिळतं. दुआ जरूर करावी, पण गाडीत बसून. लाल विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशावर उपचार करून दाखवले आणि कोकणात त्यामुळे किती तरी जीव वाचले. ते औषध वेळेत मिळणं महत्त्वाचं.

पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, उंदरांच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो. करवंट्या, टायर, कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा उपड्या कराव्यात. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, तेवढे त्याला देऊ नयेत. बकरी ईद पावसाच्या तोंडावर आली तर कुर्बानीचा उरलेला कचरा परसात उघडा टाकू नये. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने सांगितलेल्या जागीच द्यावा.

ऑगस्टमध्ये मांडव भरतो आणि भाजी घराला आवरत नाही. तेव्हा ती वाटायची. दिव्य कुरआनच्या सूरह कलममध्ये अशा बागवाल्यांची हकिकत आहे ज्यांनी गरिबांना कळू न देता पहाटेच फळं उतरवायचं ठरवलं आणि सकाळी जाऊन पाहिलं तर बाग उरलीच नव्हती. आमच्या आळीत गौरी-गणपतीच्या दिवसांत शेजारच्या काकू हमखास येतात. ऋषिपंचमीच्या भाजीला त्यांना बैलाच्या कष्टाविना पिकलेली भाजी लागते, आणि ती हल्ली परसाशिवाय कुठे मिळते? अळूची पानं, दोन शिराळी, भेंडी, चवळीच्या शेंगा त्या घेऊन जातात. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून डब्यात मोदक येतात.

सप्टेंबर संपला की वेल सुकतात. चांगल्या जून काकड्या आणि शिराळी मांडवावरच राखून त्यांचं बी काढावं, राखेत घोळून बाटलीत भरावं आणि बाटलीवर तारीख लिहावी. मांडव उतरवून जाळं धुऊन ठेवावं. मग त्याच वाफ्यात ओल असतानाच वाल टाकायचा. वालाची आणि पोपटीची गोष्ट थंडीच्या अंकात सांगू, इन्शाअल्लाह.